पेंग्विनचे आयुर्मान : मुक्त अधिवास आणि बंदिवास यांच्या तुलनेतील काही प्रश्न

प्रस्तावना

डेन्मार्कमधील ओडेन्स येथील प्राणिसंग्रहालयात राहणाऱ्या ‘ओल्डे’ नावाच्या जेंटू जातीच्या मादीची २०२० मध्ये बंदिवासातील सर्वाधिक वयाची पेंग्विन म्हणून गिनेस विक्रमांत नोंद झाली. १९७९ मध्ये एडिंबरा येथे अंड्यातून बाहेर आलेली ही मादी त्या वेळी ४१ वर्षांची होती. त्यानंतर चार वर्षांनी, २०२४ मध्ये, सिडनी येथील मत्स्यालयातील ‘स्फेन’ हा त्याच जातीचा नर वयाच्या अकराव्या वर्षी मरण पावला. जात एकच, राहणी जवळपास सारखीच, निगाही चांगली. आयुष्यात मात्र तीस वर्षांचे अंतर. प्राणिसंग्रहालयांच्या समर्थकांनी पहिले उदाहरण पुढे करावे आणि विरोधकांनी दुसरे, हे ओघानेच आले. वस्तुतः दोन्ही उदाहरणांवरून ‘पेंग्विन बंदिवासात अधिक जगतात काय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न वरवर प्राणिशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचा निम्मा भाग संख्याशास्त्राचा आहे आणि उरलेल्यात परिस्थितिकी, पशुवैद्यक व नीतिशास्त्र यांचा वाटा आहे. मुंबईत २०१६ मध्ये पेंग्विन आणले गेले तेव्हा झालेल्या वादात या सर्व बाजूंची सरमिसळ झाली होती. प्रस्तुत लेखात आयुर्मानाचे आकडे मुळात कसे तयार होतात, मुक्त अधिवासातील पेंग्विन कशाने मरतात, बंदिवासातील कशाने मरतात आणि या दोहोंची तुलना कोठवर ग्राह्य धरता येते, याचा विचार केला आहे.

एकाच थव्याची तीन आयुर्माने

‘आयुर्मान’ या शब्दाने व्यवहारात तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात : जन्मलेल्या जिवाच्या वाट्याला येणारे सरासरी आयुष्य, प्रौढ झालेल्या जिवाचे पुढील सरासरी आयुष्य आणि त्या जातीने गाठलेले वा गाठता येण्याजोगे कमाल वय. एम्परर पेंग्विनच्या उदाहरणाने यांतील अंतर चांगले स्पष्ट होते.

अंटार्क्टिकावरील एम्परर पेंग्विनच्या अभ्यासातून प्रौढ पक्ष्यांचा वार्षिक तगण्याचा दर ९५.१ टक्के इतका आढळला. म्हणजे शंभर प्रौढांपैकी सुमारे पाच दरवर्षी मरतात. हा दर वयानुसार बदलत नाही असे गृहीत धरले, तर सरासरी पुढील आयुष्य काढणे सोपे आहे : एकास मृत्युदराने भागावे आणि अर्धे वर्ष वजा करावे. मृत्युदर ०.०४९ असल्याने उत्तर १९.९ वर्षे येते. ‘एम्परर पेंग्विन वीस वर्षे जगतो’ हे सर्वत्र आढळणारे विधान येथून आले आहे. आता याच अभ्यासातील दुसरा आकडा पाहावा. पिलांपैकी केवळ १९ टक्के पहिले वर्ष पार करतात. ही बालमृत्यूची बाब हिशेबात घेतली, तर अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाचे सरासरी आयुष्य चार-साडेचार वर्षांच्या पुढे जात नाही. आणि त्याच संशोधकांच्या अनुमानानुसार, जन्मलेल्यांपैकी सुमारे एक टक्का पक्षी पन्नास वर्षांचे होऊ शकतात. साडेचार, वीस आणि पन्नास, हे तीनही आकडे एकाच पक्षीसमूहाचे आहेत आणि आपापल्या अर्थाने तिन्ही बरोबर आहेत.

बंदिवासाशी तुलना करताना घोटाळा होतो तो येथे. मुक्त अधिवासात मोजणी बहुधा वसाहतीत परतलेल्या प्रौढांपासून किंवा समुद्रात उतरण्याच्या बेतात असलेल्या, खूण केलेल्या पिलांपासून सुरू होते. घरट्यातच मेलेले पिलू सरासरीत येत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या नोंदवहीत मात्र अंडे फुटल्याच्या दिवसापासून नोंद असते. एका बाजूची सरासरी बालमृत्यू वगळून आणि दुसऱ्या बाजूची तो धरून मांडली, तर निष्कर्ष हवा तसा फिरविता येतो. त्यात आणखी एक भर म्हणजे कमाल वयाचा मोह. कमाल वय हे नमुन्याच्या आकारावर आणि निरीक्षणाच्या कालावधीवर अवलंबून असते. अर्जेंटिनातील पुंता तोम्बो येथील मॅगेलनिक पेंग्विनचा अभ्यास डी बोअर्स्मा यांनी १९८२ मध्ये सुरू केला. अशा दीर्घकालीन अभ्यासातसुद्धा पन्नास वर्षांच्या पक्ष्याची खात्रीलायक नोंद अद्याप शक्यच झालेली नाही, कारण अभ्यासालाच तेवढी वर्षे झालेली नाहीत.

तगण्याच्या दरातील लहानसा फरक किती मोठा परिणाम करतो, हेही वरील सूत्रातून दिसते. वार्षिक दर ९५ टक्के असेल तर पुढील आयुष्य १९.५ वर्षे, तो ९० टक्क्यांवर आला की ९.५ वर्षे, ८५ टक्क्यांवर आला की सहा वर्षांहून किंचित अधिक. पाच टक्क्यांची घट आयुष्य निम्मे करते. फ्रेंच संशोधकांनी अदेली लँडमधील एम्परर वसाहतीचा अभ्यास केला तेव्हा नेमके हेच आढळले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असाधारण उबदार काळात समुद्रावरील बर्फ घटला, प्रौढांचा तगण्याचा दर खाली आला आणि वसाहत जवळजवळ निम्मी झाली. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला ती तूट लवकर भरून काढता आली नाही.

मोजण्याने होणारी हानी

मुक्त पेंग्विनचे वय ठरविण्यासाठी त्याची ओळख पटली पाहिजे. इतर पक्ष्यांच्या पायात वलय अडकविता येते; पेंग्विनच्या पायाची ठेवण त्याला सोयीची नाही. म्हणून अनेक दशके त्याच्या वल्ह्यासारख्या पंखावर धातूची पट्टी बसविण्याची पद्धत होती. दुर्बिणीतून क्रमांक वाचता येई, पक्षी पुन्हा पकडावा लागत नसे. पेंग्विनच्या आयुर्मानाविषयीची जुनी माहिती बव्हंशी या पट्ट्यांवर आधारलेली आहे.

क्लेअर सारो, इव्हाँ ल माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या पायालाच धक्का दिला. क्रोझे द्वीपसमूहातील पझेशन बेटावर त्यांनी शंभर किंग पेंग्विनच्या त्वचेखाली एक ग्रॅमहूनही हलकी इलेक्ट्रॉनिक खूण बसविली आणि त्यांपैकी पन्नास पक्ष्यांना जोडीने पंखपट्टीही लावली. दहा वर्षांच्या निरीक्षणाअंती पट्टीधारकांचे तगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आणि त्यांच्या पिलांची संख्या ३९ टक्क्यांनी कमी आढळली. पोहताना पट्टीमुळे पाण्याचा रोध वाढतो, अन्नशोधाच्या फेऱ्या लांबतात, पक्षी वसाहतीत उशिरा पोहोचतो आणि विणीचा हंगाम हुकतो. विशेष म्हणजे मृत्यूतील हा फरक पहिल्या साडेचार वर्षांत दिसला, नंतर तो राहिला नाही. दुर्बल पक्षी आधीच गळून गेले होते आणि उरलेले पट्टी वागविण्याइतके सशक्त होते. म्हणजे दहा वर्षांनी जाऊन पाहणाऱ्याला पट्टी निरुपद्रवी वाटली असती.

या निष्कर्षाचा तुलनेवर थेट परिणाम होतो. मुक्त पेंग्विनच्या आयुष्याचे काही जुने आकडे हे मुक्त पेंग्विनचे नसून पट्टी वागविणाऱ्या पेंग्विनचे आहेत. शिवाय पट्टी गळून पडली किंवा पक्षी दुसऱ्या वसाहतीत गेला, तर तो नोंदींत मृतच ठरतो. दोन्ही कारणांनी मुक्त अधिवासातील आयुष्य प्रत्यक्षाहून कमी दिसते आणि बंदिवासाचा लाभ प्रत्यक्षाहून मोठा भासतो.

मुक्त अधिवासातील मृत्यू

तरीही मुक्त अधिवासात पेंग्विनचे मरण बहुतेक वेळा वार्धक्याचे नसते, हे खरे. पाण्यात बिबट्या सील, फर सील आणि ऑर्का. किनाऱ्यावर अंडी-पिलांवर टपलेले स्कुआ आणि मोठे पेट्रेल. या भक्षकांचे वर्णन सर्वत्र आढळते, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. त्याहून मोठा मारेकरी उपासमार हा आहे.

पुंता तोम्बो येथील १९८३ ते २०१० या काळातील नोंदींनुसार दरवर्षी सरासरी ६५ टक्के पिले दगावली आणि सुमारे ४० टक्के पिलांच्या मृत्यूचे कारण भूक हे होते. वादळी पावसात भिजून गारठलेली पिले हा त्यापुढचा भाग. मऊ पिसांच्या अवस्थेतील पिलू पाण्यापासून स्वतःचे रक्षण करू शकत नाही. जलचर म्हणून ओळखला जाणारा पक्षी बाल्यावस्थेत पावसाने मरतो. प्रौढांवरही असे प्रसंग येतात. १९ जानेवारी २०१९ रोजी त्याच वसाहतीत सावलीत ४४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि किमान ३५४ पेंग्विन मृत आढळले.

प्रौढ पेंग्विनच्या वर्षातील सर्वांत नाजूक काळ पीसझडीचा. इतर पक्ष्यांप्रमाणे तो थोडी थोडी पिसे टाकीत नाही, सर्व एकदम बदलतो. आफ्रिकन पेंग्विनला यास सुमारे तीन आठवडे लागतात. या काळात पिसांचे जलरोधक कवच नसल्याने त्याला समुद्रात उतरता येत नाही, म्हणजेच खाता येत नाही. आधी साठविलेल्या चरबीवर त्याला हा उपास काढावा लागतो. पीसझडीपूर्वी मासळी मिळाली नाही, तर उपास पुरा होण्याआधी शिदोरी संपते. पूर्व प्रशांत महासागरातील एल निनोच्या वर्षी हेच संकट संपूर्ण जातीवर येते. थंड, पोषक पाणी वर येणे थांबते आणि मासळी खोल किंवा दूर जाते. १९८२-८३ च्या एल निनोत गालापागोस पेंग्विनची संख्या ७७ टक्क्यांनी घटली. १९९७-९८ मध्ये पुन्हा सुमारे दोन-तृतीयांश घट झाली. हम्बोल्ट पेंग्विनचीही १९८२-८३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर अशीच वाताहत झाली. २०२३ मध्ये चिलीत पक्षी-फ्ल्यूच्या साथीच्या काळात ३,००० हून अधिक हम्बोल्ट पेंग्विन मेले.

काही मृत्यू तर कोणत्याही वर्गवारीत बसत नाहीत. केपटाउनजवळील सायमन्स टाउन येथे सप्टेंबर २०२१ मध्ये मधमाश्यांच्या दंशाने ६३ आफ्रिकन पेंग्विन मरण पावले. दंश मुख्यतः डोळ्यांभोवती, जेथे पिसे नसतात तेथे, आढळले.

बंदिवासातील मृत्यू

प्राणिसंग्रहालयात यांपैकी बहुतेक कारणे उरत नाहीत. मासळी वेळेवर मिळते, पीसझडीपूर्वी ती वाढवून दिली जाते आणि भक्षक नसतो. परंतु मृत्यूची जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरी कारणे येतात, आणि ती पेंग्विनच्या पूर्वेतिहासाशी निगडित आहेत. ज्या थंड, खाऱ्या, वाऱ्याच्या प्रदेशांत हे पक्षी उत्क्रांत झाले, तेथे बुरशीचे बीजकण विरळ आणि डासांचा उपद्रव बहुधा नगण्य. त्यामुळे त्यांच्या शरीराला या शत्रूंची पुरेशी ओळखच नाही. अ‍ॅस्परजिलस या बुरशीमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग बंदिवासातील पेंग्विनचा जुना वैरी आहे. शिळ्या भाकरीवर वा दमट भिंतीवर आढळणारी ही साधी बुरशी एरवी निरोगी जीवांना फारशी बाधत नाही. दुसरा रोग पक्ष्यांचा हिवताप. तो डासांमार्फत पसरतो. चिमण्या-कावळ्यांसारखे स्थानिक पक्षी त्याचे परजीवी अंगावर वागवून जगतात. पेंग्विन काही दिवसांत दगावतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१२ च्या उन्हाळ्यात सहा हम्बोल्ट पेंग्विन या रोगाने गेले. तिसरी व्याधी तळपायाची. कठीण, कोरड्या फरशीवर तासन् तास उभे राहिल्याने तळव्याला घट्टे पडतात, ते चिघळतात आणि संसर्ग आत शिरतो. मुक्त पेंग्विन आपले बरेच आयुष्य पाण्यात काढतो. बंदिवासातील पेंग्विनला पोहण्याचे कारणच नसते, कारण मासा बादलीतून येतो.

असे असूनही, चांगल्या व्यवस्थेत जगलेल्या पेंग्विनची वये लक्षणीय असतात. अमेरिकेतील ओरेगॉन प्राणिसंग्रहालयातील ‘मोचिका’ हा हम्बोल्ट नर २०२१ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गेला. मुक्त अधिवासातील हम्बोल्टसाठी पंधरा-वीस वर्षे हा सामान्य आकडा मानला जातो. वार्धक्यात त्याला सांधेदुखी व मोतीबिंदू यांवर उपचार द्यावे लागत. या विकारांसह समुद्रात एखादा हंगामही निभणे कठीण. बंदिवासाने येथे मृत्यू पुढे ढकलला, तसेच निसर्गात क्वचित दिसणारी एक अवस्था, म्हणजे पेंग्विनचे म्हातारपण, निर्माण केली असे म्हणता येईल.

एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयातील ‘सर नील्स ओलाव्ह’ या प्रसिद्ध किंग पेंग्विनचा उल्लेख येथे गमतीचा ठरावा. १९७२ मध्ये नॉर्वेच्या राजरक्षक दलाने त्याला दत्तक घेतले, २००८ मध्ये सरदारकी दिली आणि २०२३ मध्ये मेजर जनरल केले. पन्नास वर्षांची ही सेवा एका पक्ष्याची नाही; एक गेल्यावर नाव आणि हुद्दा दुसऱ्याकडे गेला. आयुर्मानाच्या लोकप्रिय कथा ऐकताना हा प्रकार ध्यानात ठेवावा.

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या भायखळा भागातील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जीवाणुसंसर्गाने मरण पावली. मार्च २०१७ मध्ये पेंग्विन कक्ष लोकांसाठी खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे पहिले पिलू अंड्यातून बाहेर आले आणि आठवडाभरातच दगावले. पुढील काळात मात्र वीण यशस्वी झाली आणि मूळ सात पक्ष्यांचे दुपटीहून अधिक झाले.

या घटनांवरील सार्वजनिक चर्चेत ‘बर्फातला पक्षी मुंबईच्या उकाड्यात’ असा सूर होता. तो शास्त्रीयदृष्ट्या अपुरा आहे. हम्बोल्ट पेंग्विन पेरू व चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचा. बर्फाशी त्याचा संबंध नाही. त्याला थंड समुद्र लागतो, हिमनग लागत नाही. मुंबईतील कक्षाचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास राखले जाते, ते यासाठीच. खरा प्रश्न उष्णतेपेक्षा बंद जागेतील हवेचा, तिच्यातील बीजकणांचा, पाण्याच्या शुद्धतेचा आणि वीजपुरवठा अखंड राहण्याचा आहे. विरोधकांनी हे मुद्दे अधिक नेटाने मांडले असते, तर चर्चा पुढे गेली असती.

आठपैकी एक पक्षी तीन महिन्यांत गेला आणि पहिले पिलू आठवड्यात गेले, यावरून मुंबईतील पेंग्विनचे आयुर्मान काढता येत नाही. जे जिवंत आहेत त्यांचे आयुष्य अद्याप पूर्ण झालेले नाही, त्यामुळे केवळ मृतांच्या वयांची सरासरी घेणे हे कोणत्याही तरुण वसाहतीवर अन्यायकारक ठरते. जी वसाहत नुकतीच सुरू झाली आहे तेथे म्हातारपणाने मरणे शक्यच नसते. तेथील सर्व मृत्यू अकालीच असणार. उलट, उरलेले पक्षी ठणठणीत आहेत एवढ्यावरून प्रयोग यशस्वी झाल्याचे सांगणेही तितकेच घाईचे होय. हम्बोल्टच्या बाबतीत असे उत्तर मिळायला पंचवीस-तीस वर्षांच्या, मृत पिलांसह ठेवलेल्या काटेकोर नोंदी लागतात.

दीर्घायुष्य आणि जलद वार्धक्य

आयुष्याची लांबी आणि शरीराचे वय या दोन गोष्टी एक नव्हेत, हे अलीकडच्या एका संशोधनाने दाखविले आहे. पेशींतील डीएनएवर वयानुसार ठरावीक रासायनिक खुणा उमटत जातात आणि त्यांवरून शरीराचे जैविक वय अजमावता येते. रॉबिन क्रिस्तोफारी व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपीय प्राणिसंग्रहालयांतील किंग पेंग्विनची मुक्त किंग पेंग्विनशी अशी तुलना केली. बंदिवासातील पक्षी जैविकदृष्ट्या लवकर वृद्ध होत असल्याचे दिसले. पंधरा वर्षांच्या बंदिस्त पक्ष्याचे शरीर मुक्त पक्ष्याच्या विसाव्या वर्षातील शरीरासारखे होते. तरीही बंदिवासातील पक्षी अधिक जगतात, कारण त्यांना मारणारे कोणी नसते. मुबलक आहार आणि हालचालीचा अभाव यांमुळे जे घडते, ते बैठे काम करणाऱ्या मानवी समाजाच्या परिचयाचे आहे. किंग पेंग्विन निसर्गात अन्नासाठी शेकडो किलोमीटर पोहतो आणि एरवी किनाऱ्यावर दीर्घ उपास करतो. प्राणिसंग्रहालयात तो या दोहोंपासून मुक्त असतो. ही मुक्तता त्याच्या शरीराला मानवत नाही, असे या निष्कर्षावरून दिसते.

तुलनेचा बदलता पाया

शेवटी एक बाब उरते. बंदिवास व मुक्त अधिवास यांच्या आयुर्मानातील अंतर दोन प्रकारे वाढू शकते : पहिला आकडा वर गेल्याने किंवा दुसरा खाली आल्याने. आफ्रिकन पेंग्विनच्या बाबतीत दुसरा प्रकार घडत आहे. जून २००० मध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज केपटाउनजवळ बुडाले आणि सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. स्वयंसेवकांनी त्यांतील बहुसंख्य पक्षी धुऊन, पोसून पुन्हा समुद्रात सोडले. त्या प्रचंड प्रयत्नाने वाचलेल्या वसाहती त्यानंतरच्या काळात तेलाने नव्हे, भुकेने ओसरल्या. सार्डिन हा कोकण किनाऱ्यावरील तारलीच्या गोतावळ्यातील मासा आणि अँकोव्ही हे त्यांचे मुख्य अन्न. ते काही अंशी समुद्रातील बदलांमुळे स्थलांतरित झाले आणि काही अंशी जाळ्यांत गेले. विणीच्या जोड्या दहा हजारांच्या खाली आल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले. पर्यावरणसंस्थांनी न्यायालयात दाद मागितली आणि मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियातील उच्च न्यायालयाच्या आदेशाने सहा प्रमुख वसाहतींभोवतीच्या पाण्यात दहा वर्षांसाठी सार्डिन-अँकोव्हीची पर्ससीन जाळ्यांनी होणारी मासेमारी बंद झाली. त्या वर्षी अंड्यातून निघालेली पिले तगली, तर या दहा वर्षांच्या अखेरीस ती आपल्या प्रौढ आयुष्याच्या मध्यावर असतील.